सर्टुइन : म्हातारपण रोखणाऱ्या गोळीचं पुढे काय झालं?

जून २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बड्या औषध कंपनीनं अमेरिकेतली एक लहानशी कंपनी ७२ कोटी डॉलर मोजून विकत घेतली. तिचं नाव सर्ट्रिस फार्मास्युटिकल्स. तिचं एकही औषध तेव्हा बाजारात नव्हतं. तिच्याकडे होती ती एक कल्पना. आपल्या पेशींमध्ये 'सर्टुइन' नावाची विकरं, म्हणजेच एन्झाइम असतात. त्यांना गोळीनं चालना दिली, तर मधुमेहापासून कर्करोगापर्यंत म्हातारपणाचे अनेक आजार एकदमच लांब ठेवता येतील, अशी ही कल्पना होती.

पाच वर्षांनी, २०१३ मध्ये, ग्लॅक्सोनं सर्ट्रिसचं स्वतंत्र कार्यालय बंद केलं. सर्टुइनवर नेम धरून बनवलेलं एकही औषध आजतागायत मंजूर झालेलं नाही. पण 'एनएमएन', 'एनआर', 'रेझव्हेराट्रॉल' अशा नावांच्या डब्या मात्र ऑनलाइन दुकानांत सर्रास मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या जाहिरातीत सर्टुइनचा उल्लेख असतो. घरातल्या साठीच्या माणसाला भेट म्हणून अशी डबी देणारेही आहेत.

मग खरं काय? सर्टुइन आपल्या शरीरात महत्त्वाचं काम करतात, याबद्दल शंका नाही. अडचण वेगळीच आहे. एकच सर्टुइन एका अवयवात ज्या कामानं उपयोगी पडतं, त्याच कामानं दुसऱ्या अवयवात नुकसान करू शकतं. हे कसं, ते समजून घेऊ.

सर्टुइन नेमकं करतात काय?

पेशीत प्रथिनं तयार झाली, की त्यांच्यावर निरनिराळे छोटे रासायनिक गट चिकटवले आणि काढले जातात. या खुणाच असतात म्हणा ना. खूण असेल तर प्रथिन एका प्रकारे वागतं, नसेल तर दुसऱ्या प्रकारे. 'ॲसिटिल' गट ही त्यातली एक नेहमीची खूण. सर्टुइनचं मुख्य काम म्हणजे ही खूण पुसणं.

याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण डीएनएचं. आपल्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. तो 'हिस्टोन' नावाच्या प्रथिनांभोवती, रिळावर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर ॲसिटिलच्या खुणा असल्या की दोरा सैल होतो आणि तिथली जनुकं वाचता येतात. सर्टुइननं खुणा पुसल्या की दोरा घट्ट बसतो आणि तिथली जनुकं गप्प होतात.

अशा खुणा पुसणारी इतरही विकरं पेशीत आहेत. पण सर्टुइनची एक अट आहे. प्रत्येक खूण पुसताना त्यांना 'एनएडी' या रेणूचा एक नग खर्च करावा लागतो. निकोटिनामाइड ॲडेनाइन डायन्यूक्लिओटाइड हे त्याचं पूर्ण नाव. अन्नातून ऊर्जा काढताना जे इलेक्ट्रॉन सुटतात, ते उचलून नेणारा हा हमाल. अन्न भरपूर असेल तर बरेचसे हमाल ओझं घेतलेले असतात. अन्न कमी असेल तर रिकाम्या हातांचे जास्त. सर्टुइनला रिकाम्या हाताचा एनएडी लागतो.

म्हणजे पेशीत ऊर्जेची चंगळ आहे की टंचाई, याची खबर सर्टुइनना आपोआप लागते. टंचाई आली की त्यांचं काम वाढतं आणि पेशी वाढीचा खर्च आवरून दुरुस्ती आणि बचतीकडे वळते. चांगल्या पावसात आणि दुष्काळात शेतकऱ्याचं घर जसं वेगवेगळं चालतं, तसाच हा प्रकार.

यीस्टमधून आलेलं नाव

सर्टुइनची गोष्ट सुरू होते पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये. या यीस्टमध्येही नर-मादीसारखे दोन प्रकार असतात आणि त्यांची जास्तीची जनुकं एरवी गप्प ठेवलेली असतात. ती कोण गप्प ठेवतं, याचा शोध १९७०च्या दशकाच्या शेवटी अनेक जण घेत होते. पंजाबमध्ये जन्मलेले जनुकशास्त्रज्ञ अमर क्लार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये अशा एका जनुकाचं वर्णन केलं. पुढे त्याचं नाव 'सर-२' असं रूढ झालं. 'सायलेंट इन्फर्मेशन रेग्युलेटर' या शब्दांची ती आद्याक्षरं. अर्थ असा, की माहिती मुकी ठेवणारा नियंत्रक. सर-२ वरूनच पुढे या साऱ्या कुळाला 'सर्टुइन' म्हणू लागले.

वीस वर्षं हा विषय यीस्टवाल्यांपुरताच होता. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लेनर्ड गुआरेंटे यांच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट दिसली. यीस्टची आई-पेशी विसेक वेळा विभागली की थकते आणि मरते. सर-२ ची एक जादा प्रत दिली, तर तिचं आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं आणि सर-२ काढून टाकलं, तर ते जवळजवळ निम्म्यावर येतं. लगेच २००० साली याच प्रयोगशाळेतल्या शिनइचिरो इमाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सर-२ चं काम एनएडीवर अवलंबून असतं.

इथं दोन धागे जुळले. कमी खायला दिलेले उंदीर जास्त जगतात, हे १९३५ पासून माहीत होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या क्लाइव्ह मॅके यांनी ते दाखवलं होतं. कमी खाल्लं की रिकामा एनएडी वाढणार, त्यानं सर्टुइन कामाला लागणार आणि त्यांच्यामुळे आयुष्य वाढणार, अशी सुटसुटीत साखळी तयार झाली. पाठोपाठ २००१ मध्ये सूत्रकृमींत आणि २००४ मध्ये फळमाशीतही सर्टुइन वाढवल्यानं आयुष्य वाढल्याचे निष्कर्ष आले. यीस्ट, कृमी आणि माशी या तिघांत एकच नियम लागू पडतो, तर माणसात का नाही, असं वाटणं स्वाभाविक होतं.

पण २०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या डेव्हिड गेम्स यांच्या गटानं, इतर प्रयोगशाळांच्या साथीनं, कृमी आणि माशीवरचे ते प्रयोग पुन्हा तपासले. जास्त जगणाऱ्या कृमींमध्ये दुसरंच एक उत्परिवर्तन शिरलेलं होतं. संकर करून ते काढून टाकल्यावर जास्तीचं आयुष्यही गेलं. माशांमध्येही तुलनेसाठी योग्य माशा घेतल्यावर फरक उरला नाही. गुआरेंटे यांच्या गटानंही त्याच सुमारास कृमींमधला परिणाम आधी सांगितल्यापेक्षा बराच लहान असल्याचं नोंदवलं. शिवाय यीस्टच्या पेशीला म्हातारपण येतं ते तिच्या डीएनएची काही जादा वर्तुळं साठत गेल्यामुळे आणि सर-२ ती होऊ देत नाही. माणसाच्या म्हातारपणाचं हे कारण नाही.

वाइन, गोळी आणि चमकणारा रंग

दरम्यान पैशांचा ओघ सुरू झाला होता. त्याला निमित्त झालं रेझव्हेराट्रॉल. लाल द्राक्षांच्या सालीत आणि म्हणून लाल वाइनमध्ये सापडणारा हा पदार्थ. २००३ मध्ये हार्वर्डचे डेव्हिड सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की माणसातलं 'सर्ट-१' हे सर्टुइन रेझव्हेराट्रॉलमुळे जोमानं काम करतं आणि यीस्टचं आयुष्यही वाढतं. पुढच्याच वर्षी सिंक्लेअर यांच्या सहभागानं सर्ट्रिस कंपनी उभी राहिली. २००६ मध्ये चरबीयुक्त खाणं देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांवरचा प्रयोग आला. रेझव्हेराट्रॉल दिलेले लठ्ठ उंदीर न दिलेल्या लठ्ठ उंदरांपेक्षा निरोगी राहिले आणि जास्त जगले. वाइन पिणाऱ्यांना तर हे वाचून फारच आनंद झाला.

या आनंदात एक साधा हिशेब राहून गेला. त्या उंदरांना वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे २२ मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल मिळत होतं. त्याच प्रमाणानं ६० किलोच्या माणसाला रोज १३०० मिलिग्रॅमहून जास्त लागेल. एक लिटर लाल वाइनमध्ये ते साधारणपणे काही मिलिग्रॅमच असतं. म्हणजे वाइन नाशिकची असो की फ्रान्सची, रोज शेकडो लिटर प्यावी लागेल. इटलीत, वाइनसाठीच प्रसिद्ध असलेल्या किआन्ती भागात ६५ वर्षांवरच्या ७८३ माणसांच्या लघवीतून त्यांच्या आहारातल्या रेझव्हेराट्रॉलचा अंदाज घेतला गेला आणि त्यांच्यावर नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला. रेझव्हेराट्रॉल जास्त घेणाऱ्यांमध्ये मृत्यू, हृदयविकार किंवा कर्करोग कमी असल्याचं दिसलं नाही. नेहमीचं खाणं खाणाऱ्या उंदरांचं आयुष्यही रेझव्हेराट्रॉलनं वाढलं नाही, हे एकाहून अधिक प्रयोगांत दिसलं आहे.

मूळ चाचणीतही एक गडबड निघाली. सर्ट-१ किती वेगानं खुणा पुसतंय, हे मोजायला प्रथिनाच्या तुकड्याला एक चमकणारा रंग जोडलेला होता. २००५ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की रंग जोडलेला असेल तरच रेझव्हेराट्रॉलनं वेग वाढतो. रंग काढून टाकला की वेग वाढत नाही. २०१० मध्ये फायझर कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्ट्रिसच्या नव्या रेणूंबद्दलही हेच म्हटलं. २०१३ मध्ये सिंक्लेअर यांच्या गटानं उत्तर दिलं, की पेशीतल्या ठरावीक प्रथिनांवर हे रेणू सर्ट-१ला थेट चालना देतात. त्यासाठी सर्ट-१मधल्या एका विशिष्ट अमिनो आम्लाची गरज असते, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे चालना मिळते, पण सरसकट नाही. काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी नाही.

प्रयोगशाळेतला हा वाद रुग्णांपर्यंतही गेला. रेझव्हेराट्रॉलपासून बनवलेलं 'एसआरटी-५०१' हे औषध मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आलं. मात्रा होती दिवसाला ५ ग्रॅम. चाचणीत २४ रुग्ण होते. त्यातल्या काहींची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली आणि २०१० मध्ये चाचणी थांबवावी लागली. हा आजार मुळातच मूत्रपिंडांवर ताण आणणारा. त्यात या औषधानं मळमळ, उलट्या झाल्या, शरीरातलं पाणी कमी झालं आणि त्यामुळे ताण वाढला असावा, असा अंदाज बांधला गेला. द्राक्षात सापडणारा पदार्थ म्हणून तो कितीही घेतला तरी निर्धोक, असं गृहीत धरता येत नाही, हे यातून दिसलं.

सात भावंडं, सात स्वभाव

माणसाच्या शरीरात सर्टुइन एक नसून सात आहेत. सर्ट-१, ६ आणि ७ मुख्यतः पेशीच्या केंद्रकात, म्हणजे डीएनएजवळ राहतात. सर्ट-२ बहुतेक वेळ केंद्रकाबाहेरच्या द्रवात असतं. सर्ट-३, ४ आणि ५ तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात असतात. सगळी ॲसिटिलच पुसतात असंही नाही. सर्ट-५ तर वेगळ्याच खुणा पुसण्यात तरबेज आहे.

यातल्या सर्ट-६बद्दलचा पुरावा सगळ्यात बोलका आहे. सर्ट-६ नसलेले उंदीर जन्मानंतर साधारण महिन्याभरात, म्हातारपणासारखी लक्षणं दाखवत मरतात. सर्ट-६ जास्त असलेले नर उंदीर सुमारे १५ टक्के जास्त जगले, असं इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठातल्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं. माद्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. माणसांतही एका कुटुंबात सर्ट-६ निकामी करणारं उत्परिवर्तन सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही ते मिळालेली बाळं जगू शकली नाहीत. यावरून हे विकर माणसाच्या वाढीला अत्यावश्यक आहे, हे कळतं. ते जास्त असल्यानं आयुष्य वाढतं का, हे यावरून कळत नाही.

सर्ट-३चं एक वेगळंच उदाहरण आहे. उंदरांनाही म्हातारपणी कमी ऐकू येतं. त्यांना कमी उष्मांकांचं खाणं दिलं तर श्रवणशक्ती टिकते. २०१० मध्ये दिसलं, की सर्ट-३ नसलेल्या उंदरांना या कमी खाण्याचा असा कोणताही फायदा होत नाही. कमी खाणं आणि सर्टुइन यांचा संबंध आहे, तो असा. सगळ्या शरीराला लागू होणारा एकच नियम यातून निघत नाही. ठरावीक अवयवात ठरावीक सर्टुइनचं ठरावीक काम असतं.

एकच विकर, दोन परिणाम

आता औषध बनवण्यातली खरी अडचण पाहू. मधुमेह घ्या. उपाशी असताना रक्तातली साखर फार खाली जाऊ नये म्हणून यकृत नवी साखर तयार करतं. सर्ट-१ यकृताला या कामात मदत करतं. उपवासात हे जीव वाचवणारं काम आहे. पण टाइप-२ मधुमेहात यकृत आधीच गरजेपेक्षा जास्त साखर सोडत असतं. तिथं ही मदत नको असते. तेच सर्ट-१ स्वादुपिंडात इन्शुलिन स्रवायला मदत करतं आणि ते मधुमेहात हवंच असतं. त्याच स्वादुपिंडातलं सर्ट-४ मात्र इन्शुलिन स्रवण्याला आवर घालतं. आता 'सगळ्या सर्टुइनना चालना देणारी' गोळी मधुमेहीला दिली, तर नेमकं काय होईल?

मधुमेहाशी सर्ट-१चा थेट संबंध दाखवणारा मानवी पुरावाही आहे. २०१३ मध्ये अशा एका कुटुंबाची नोंद झाली, की ज्यात सर्ट-१मधल्या एकाच अक्षराच्या बदलाबरोबर टाइप-१ मधुमेह पुढच्या पिढीत जात होता. टाइप-१मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठते. सर्ट-१ एरवी या प्रतिकारशक्तीला लगाम घालत असतं, असं या अभ्यासातून पुढे आलं.

कर्करोगातही असंच. 'पी-५३' हे प्रथिन बिघडलेल्या पेशीला थांबवतं किंवा मारून टाकतं. म्हणून त्याला जनुकांचा पहारेकरी म्हणतात. सर्ट-१ त्याच्यावरची ॲसिटिलची खूण पुसून त्याचा जोर कमी करतं, हे २००१ मध्येच कळलं. यावरून सर्ट-१ कर्करोगाला मदत करतं असं वाटेल. पण तेच सर्ट-१ तुटलेला डीएनए सांभाळण्यातही भाग घेतं आणि आतड्याच्या कर्करोगाच्या एका उंदीर-प्रयोगात सर्ट-१ वाढवल्यावर गाठी कमी झाल्या. सर्ट-६ही बऱ्याच ठिकाणी कर्करोगाला अडवतं, काही ठिकाणी मात्र त्यालाच साथ देतं. गाठ कोणत्या अवयवात आहे, ती सुरू व्हायची आहे की वाढलेली आहे, यावर उत्तर बदलतं.

मेंदूच्या आजारांत तर आणखी गुंता. पार्किन्सनमध्ये 'अल्फा-सायन्युक्लीन' हे प्रथिन मेंदूच्या पेशींत साठून त्यांना इजा करतं. २००७ मध्ये दिसलं, की सर्ट-२ला अडवलं तर पेशींमध्ये आणि फळमाशीत ही इजा कमी होते. इथं चालना देणारं नव्हे, तर अडवणारं औषध हवं. हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात काही उंदीर-प्रयोगांत सर्ट-१ वाढवल्यानं फायदा दिसला, तर दुसऱ्या प्रयोगांत सर्ट-१ अडवल्यानं. अडवणारं 'सेलिसिस्टॅट' हे औषध हंटिंग्टनच्या रुग्णांना दोन आठवडे देऊन पाहिलं. ते सुरक्षित वाटलं, पण एवढ्या थोड्या काळात आजारावरचा फायदा दिसला नाही.

घरातल्या पंख्याचं बटण दाबलं की फक्त पंखा फिरतो. सर्टुइनचं बटण दाबलं, की त्याला जोडलेल्या शेकडो प्रथिनांमध्ये फरक पडतो. प्रत्येक अवयवातली ही जोडणी वेगळी. म्हणून औषध बनवणाऱ्यांपुढे दोन कामं आहेत. एक म्हणजे सातांपैकी नेमक्या एकाच सर्टुइनवर चालणारा रेणू शोधणं. दुसरं म्हणजे तो हव्या त्या अवयवात पोचवून बाकीच्यांपासून दूर ठेवणं. दुसरं काम जास्त अवघड आहे.

मग एनएडी वाढवणाऱ्या गोळ्यांचं काय?

सर्टुइनला थेट चालना देणं जमेना, तेव्हा काहींनी दुसरी वाट धरली. सर्टुइनचं इंधन एनएडी. वयानुसार अनेक अवयवांत ते कमी होत असल्याचे पुरावे आहेत. मग इंधनच वाढवलं तर? 'एनएमएन' आणि 'एनआर' हे पदार्थ शरीरात गेले की त्यांच्यापासून एनएडी बनतं. या गोळ्या घेतल्यावर रक्तातलं एनएडी वाढतं, हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे.

एनएडीची खरी टंचाई झाली तर काय होतं, हे दख्खनच्या पठारानं पाहिलेलं आहे. एनएडी बनतं ते नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वापासून. त्याची तीव्र कमतरता झाली की पेलाग्रा होतो. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात, डोकं भ्रमिष्ट होतं आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही येतो. हैदराबादच्या आसपास जवळजवळ निव्वळ ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांमध्ये हा आजार दिसत असे. १९६०च्या सुमारास पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं, की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते शरीरात नायसिन तयार होण्याच्या आड येतं. डाळ, दूध, भाजी, शेंगदाणे असं मिश्र खाणं असलेल्याला भाकरीची भीती बाळगायचं कारण नाही. पेलाग्रा झालेल्याला नायसिन दिलं तर काही दिवसांतच फरक पडतो. ते साधं आणि स्वस्त औषध आहे.

पण टंचाई भरून काढणं वेगळं आणि पुरेसं असताना आणखी ओतणं वेगळं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, वजन जास्त असलेल्या, पाळी थांबलेल्या २५ स्त्रिया होत्या. काहींना दहा आठवडे रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन, तर बाकीच्यांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी दिली गेली. एनएमएन घेणाऱ्यांच्या स्नायूंनी इन्शुलिनला आधीपेक्षा चांगला प्रतिसाद दिला. पण वजन, रक्तदाब आणि रक्तातली साखर यांत फरक पडला नाही. आशा ठेवावी असा हा निष्कर्ष आहे, पण 'मधुमेह टळतो' असं म्हणायला तो अजिबात पुरेसा नाही. उंदरांचं आयुष्य वाढतं का, हे काटेकोरपणे तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यक्रमात एनआर दिलेले उंदीर इतरांपेक्षा जास्त जगले नाहीत.

यात एक गंमतही आहे. सर्टुइननं एनएडी खर्च केलं की त्यातून निकोटिनामाइड सुटतं. पेशी त्याच्यापासून पुन्हा एनएडी बनवते. पण तेच निकोटिनामाइड जास्त झालं तर सर्टुइनना अडवतं. हेच स्वस्त निकोटिनामाइड ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग आधी होऊन गेलेल्या ३८६ जणांवर तपासलं गेलं. २०१५ मध्ये कळलं, की ते वर्षभर घेणाऱ्यांना मेलानोमा सोडून इतर प्रकारचे नवे त्वचा-कर्करोग २३ टक्के कमी झाले. हा फायदा सर्टुइनमुळे झाला असं मात्र म्हणता येत नाही. उन्हानं तुटलेला डीएनए दुरुस्त करायला लागणारी ऊर्जा टिकून राहते, हे त्यामागचं कारण मानलं जातं. मूत्रपिंड किंवा इतर अवयवाचं रोपण झालेल्या रुग्णांमध्ये २०२३ मध्ये हाच उपाय तपासला, तर फायदा दिसला नाही.

आणि एनएडी कर्करोगाच्या पेशींनाही लागतं, किंबहुना भरपूर लागतं. म्हणून कर्करोगावर एनएडी तयार होणंच रोखणारी औषधंही माणसांवर तपासली गेली आहेत. ज्यांना कर्करोग आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी एनएडी वाढवणारी गोळी स्वतःच्या मनानं का घेऊ नये, ते यावरून लक्षात येईल.

डबी घ्यावी की नाही?

भारतात अशा डब्या औषध म्हणून नव्हे, तर आहारपूरक म्हणून विकल्या जातात. अन्नसुरक्षा आणि मानक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे आहारपूरकाच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. बारीक अक्षरातली ती ओळ जाहिरातीपेक्षा जास्त खरी आहे. औषधाला बाजारात येण्याआधी ते आजारावर चालतं हे सिद्ध करावं लागतं. आहारपूरकाला तशी अट नसते.

सगळ्यात मोठा धोका गोळीतल्या पदार्थापेक्षा तिच्यामुळे सुटणाऱ्या औषधाचा आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या स्वस्त असतात, कंटाळवाण्या असतात आणि त्यांच्यावर तरुणपणाचं आश्वासन नसतं. पण त्या झटका, मूत्रपिंडाचा बिघाड आणि डोळ्यांचं नुकसान टाळतात, हे हजारो रुग्णांवर सिद्ध झालेलं आहे. महिन्याला काही हजारांची डबी घेण्यासाठी यातली एखादी गोळी मागे पडत असेल, तर तो व्यवहार तोट्याचा आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर रेझव्हेराट्रॉलसारख्या पूरकांबद्दल डॉक्टरांना आधी विचारायलाच हवं. त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

सर्टुइनचा अभ्यास वाया गेला, असं मात्र नाही. पेशीची ऊर्जा आणि जनुकांचं वागणं एकमेकांशी कसं बांधलेलं असतं, हे या अभ्यासामुळे कळलं. नेमक्या एका सर्टुइनला अडवणारे किंवा चालना देणारे रेणू आता आधीपेक्षा बारकाईनं बनवले जात आहेत आणि ते एकेका आजारासाठी तपासले जात आहेत. 'म्हातारपणावरची गोळी' या मोठ्या दाव्यापेक्षा ही वाट हळू आहे, पण औषधं बहुतेक वेळा अशाच वाटेनं येतात.

तोवर आपल्या हातात काय आहे? नियमित व्यायामानं स्नायूंमध्ये एनएडी पुन्हा तयार करणारं विकर वाढतं, हे माणसांत दिसलं आहे. लठ्ठ नसलेल्या माणसांनी दोन वर्षं साधारण १२ टक्के कमी उष्मांक घेतले, तर त्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारतं, हेही अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. यातला किती वाटा सर्टुइनचा, ते शास्त्रज्ञ शोधत राहतील. रोजचं चालणं, पानात थोडं कमी वाढून घेणं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घेणं, यासाठी त्या उत्तराची वाट पाहायची गरज नाही.